पेरूवरची माशी, दोडक्यावरची माशी

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी, राजाजीनगरमधल्या एका घरातून माशीचे दोन फोटो आले. फोन नंबर दोन होते, पत्ता एकच. पहिल्या फोटोखाली लिहिले होते : "ही माशी माझ्या भावाच्या दोडक्याच्या पानावर बसली आहे. हीच माझे पेरू नासवते. लेखी द्यावे." दुसरा फोटो त्याच सकाळी थोड्या वेळाने आला. त्याखाली : "पेरूच्या पानावरची माशी. माझ्या दोडक्यात अंडी घालते. झाड तोडण्याच्या अर्जाला जोडायचे आहे. लेखी उत्तर पाहिजे."

पहिला फोटो पाठवणाऱ्या तुळसाबाई. दुसरा पाठवणारे दत्ताजीराव. सख्खे बहीण-भाऊ, दोघेही सत्तरीच्या पुढचे. मध्ये भिंत.

हे फोटो माझ्याकडे का आले, ते आधी सांगायला हवे.

बेंगळुरूतल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर माझी सगळी नोकरी झाली. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासणे, कापणे, त्यांना मथळे देणे हे काम. शनिवारच्या बाग-पुरवणीत एक छोटा कोपरा असे. वाचकांनी आपल्या बागेतल्या किड्याचा फोटो पाठवायचा आणि आम्ही त्याचे नाव छापायचे. तो कोपरा सांभाळणारा सहकारी नोकरी सोडून गेला आणि कोपरा माझ्या टेबलावर आला. डेस्कवर शुद्धलेखन सगळ्यात कमी वेळा माझे चुकते, असे कारण देण्यात आले. किड्यांचा शुद्धलेखनाशी काय संबंध, हे विचारायची त्या कचेरीत पद्धत नव्हती. पुढे मी निवृत्त झाले, पुरवणी पातळ झाली, कोपरा मात्र राहिला. आता तो घरून चालतो.

फुलपाखरांचे फोटो फारसे येत नाहीत, कारण फुलपाखरू लोकांना स्वतःला ओळखता येते, किंवा येते असे वाटते. येतात ते माश्यांचे. माशी हा शब्द आपण एकाच प्राण्यासाठी वापरतो आणि तोही हाकलण्यापुरता. प्रत्यक्षात बेंगळुरूतल्या एका साध्या गच्चीवरच्या बागेत इतक्या प्रकारच्या माश्या असतात की माहिती नसलेल्या माणसाला ते खरे वाटत नाही. मधमाशीसारखी दिसणारी, गांधीलमाशीसारखी दिसणारी, हिरवी चकचकीत, डोळ्यांवर पट्टे असलेली, हवेत एका जागी थांबणारी. त्यातल्या पुष्कळ एकमेकींच्या इतक्या सारख्या असतात की फरक पंखाच्या एखाद्या शिरेत, नाही तर पायाच्या एखाद्या केसात असतो. तो केस फोटोत दिसत नाही. मग उत्तरात लिहावे लागते : "या गटातली, पुढे सांगता येत नाही." वाचकांना हे उत्तर आवडत नाही. माझी निम्मी उत्तरे अशी आहेत.

मला हे काम शिकवले ते वसुधाताईंनी. मूळच्या नागपूरच्या, नोकरी इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत, कीटक विभागात. दर आठवड्याला मी त्यांना फोन करत असे. त्यांचा पहिला धडा असा : आधी पंख मोजा. दोन असतील तर माशी, चार असतील तर दुसरे काहीतरी. दुसरा : एका फोटोवर बोलू नका. वरून एक, बाजूने एक, समोरून एक. तिसरा धडा त्या दर वेळी नव्याने सांगत, कारण तो दर वेळी कोणीतरी विसरलेला असे : माशी कोणत्या पानावर बसली आहे ते आधी विसरा. नवशिका पान ओळखतो आणि पानावरून माशी ठरवतो. फोनमधली ओळख सांगणारी अॅपही पुष्कळदा हेच करतात. पान झाडाचे असते. माशी नुसती बसलेली असते.

मारतहळ्ळीचा एक तरुण बरेच दिवस रोज फोटो पाठवी. पुण्याचा, कंपनीत काम करणारा, बाल्कनीत झेंडूच्या कुंड्या.

"मॅम, ही बी रोज सेम टाइमला येते. लिटरली मला ओळखते ती."

"ती मधमाशी नाही, माशी आहे."

"नो, नो. पिवळे पट्टे बघा ना."

"पट्टे आहेत, पण पंख दोनच आहेत. मधमाशी समजून पक्षी सोडून देतात, म्हणून तसे पट्टे असतात."

"म्हणजे फेक आहे?"

"तिच्या बाजूने बघितलं तर बंदोबस्त आहे."

मग सगळे विचारतात ते त्यानेही विचारले. "रेअर आहे का पण?"

"नाही. तुमच्या सोसायटीत जिथे झेंडू आहे तिथे ही असेल."

तो नाराज झाला. पण दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो आला आणि खाली प्रश्न नव्हता, उत्तर होते : "मेल. डोळे वर जुळलेत." बरोबर होते, नराचेच डोळे तसे जुळतात. त्यानंतर त्याचे फोटो थांबले. या कामातला हा नेहमीचा अनुभव आहे. नाव कळले की लोक बोलायचे थांबतात. कोणाच्या बागेत पुढे काय झाले, हे क्वचितच कळते.

राजाजीनगरचे कळले, म्हणून ते सांगते.

त्या दोन्ही फोटोंतल्या माश्या फळमाश्या होत्या. फळमाशी घरमाशीएवढी, पण गांधीलमाशीसारखी तांबूस-पिवळी दिसते. पंख किंचित उघडे ठेवून बसते आणि पंखांवर तपकिरी खुणा असतात. मादीच्या शेपटाकडे टोक असते. ते फळाच्या सालीत खुपसून ती आत अंडी घालते. बाहेरून फळ चांगले दिसते, चिरल्यावर आत अळ्या. पेरू पिकवणाऱ्या आणि दोडका, कारले लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की पेरूवरची आणि दोडक्यावरची माशी सहसा एक नसते.

दोघी लांबून जुळ्या वाटतात. दोघींच्याही पंखाच्या टोकाला तपकिरी ठिपका असतो. पण दोडक्यावरचीच्या पंखावर आणखी एक आडवी रेघ असते, आणि तिच्या पाठीवर पिवळे पट्टे तीन असतात, कडेला दोन आणि मधोमध एक. पेरूवरचीच्या पाठीवर मधला पट्टा नसतो. बाकी भांडण असेल तर ते पेरूवरच्या माशीचे तिच्या सख्ख्या बहिणींशी, म्हणजे अगदी जवळच्या जातींशी, आणि ते मिटवायला माशीचे तोंड समोरून बघावे लागते.

तुळसाबाईंच्या फोटोत माशी दोडक्याच्या पानावर होती. मधला पट्टा नव्हता. ती पेरूवरची माशी होती, निदान त्या बहिणींपैकी एक.

दत्ताजीरावांच्या फोटोत माशी पेरूच्या पानावर होती. मधला पट्टा स्पष्ट होता, पंखावर आडवी रेघ होती. ती दोडक्यावरची माशी होती.

म्हणजे दोघांनीही आपापलीच माशी दुसऱ्याच्या दारात पकडली होती. यात नवल नाही. फळमाशी अंडी घालायला फळाकडे जाते, पण विसावायला, चाटायला, सावलीला ती मिळेल त्या पानावर बसते. फोटोवरून माशी कळते, तिचे माहेर कळत नाही.

हे मी दोघांना लिहून कळवले. दोघांचेही फोन दुपारच्या आत आले. पहिला दत्ताजीरावांचा.

"मॅडम, पान कुठलं ते बघितलं का तुम्ही? पेरूचं आहे. मी स्वतः काढलाय फोटो, भिंतीवरून वाकून."

"पान पेरूचं आहे. माशी दोडक्यावरची आहे."

"मग पेरूवर काय करतेय ती? पाहुणी आली काय?"

"बसली होती."

"बरं. पेरूवरची माशी दोडक्यात अंडी घालत नाही, हे लिहून द्या मग."

"सहसा घालत नाही, असं लिहून देईन."

"सहसा?" त्यांचा आवाज चढला. "मी कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. आमच्यात सहसा चालत नव्हतं. पार्ट पास, नाहीतर रिजेक्ट. तुम्ही काय ते एक सांगा."

तुळसाबाईंनी वेगळ्या बाजूने सुरुवात केली. "बाई, तुम्ही त्याच्या बाजूच्या काय?"

"कोणाच्याच नाही."

"अय्यो, तसं कसं? माझी माशी त्याच्या मांडवावर म्हणता, म्हणजे चूक माझ्या झाडाची झाली की. तो तेच म्हणतोय. महापालिकेचा माणूस महिनाअखेर येतोय झाड बघायला. दत्तूनं अर्ज घातलाय." मग त्या म्हणाल्या, "पेरूच्या दिवसांत माझं फाटक वाजतंय, बाई. शेजारची येतात, शाळेतली पोरं येतात. एरवी कोण येतंय माझ्याकडं?"

त्यांचे यजमान गेलेले, मुलगी लांब. घर वडिलांचे. त्यांचे घराणे या गावात इतक्या पिढ्या आहे की पूर्वज नेमके कुठून आले, हे दोघेही वेगवेगळे सांगतात. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड. वडील गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या, मध्ये भिंत बांधली गेली आणि भावा-बहिणीचे बोलणे बंद झाले. वाटणीत झाड पूर्वेला गेले, विहिरीकडची मोकळी जागा पश्चिमेला. त्या जागेवर दत्ताजीरावांनी निवृत्तीनंतर मांडव घालून दोडका चढवला. त्यांची पत्नी तेव्हा होती. आता नाही.

अशा प्रकरणात फोटोवर थांबता येत नाही. माशी कोणत्या फळातून आली, हे पाहायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. किडलेले फळ बरणीत ओलसर मातीवर ठेवायचे आणि तोंडाला पातळ कापड बांधायचे. अळ्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात, तिथे तांदळाच्या दाण्यासारखे कोष होतात आणि काही दिवसांनी त्या कोषांतून माशी निघते. तिला मग कोणी पाहुणी म्हणू शकत नाही. ती त्याच फळाची.

पण बरणी ज्याची त्याने ठेवली तर दुसरा मानणार नव्हता. म्हणून तुळसाबाईंचे पेरू दत्ताजीरावांनी ठेवावेत आणि त्यांचे दोडके तुळसाबाईंनी, असे मी सुचवले. बातमी दोन्ही बाजूंनी तपासायची सवय, दुसरे काही नाही. दोघांनीही एकच अट घातली : समक्ष या.

एका रविवारी सकाळी मी गेले. भिंत छातीइतकी उंच, सिमेंटच्या ठोकळ्यांची. बोलायला अडचण नाही, न बोलायला पुरेशी. पेरूच्या फांद्या तिच्यावरून पश्चिमेला गेल्या होत्या, दोडक्याचा वेल तिच्यावरून पूर्वेला उतरला होता. मांडवाखाली पेरू पडून कुजले होते. झाडाच्या बुंध्याशी, गवतात, पिवळे पडलेले वाकडे दोडके होते. दोन्ही मी पाहिले आणि टिपून ठेवले.

तुळसाबाई भिंतीच्या अलीकडे, दत्ताजीराव पलीकडे, मी मध्ये फाटकापाशी. दोघांत हात पोचेल एवढे अंतर.

"त्याला सांगा," तुळसाबाई म्हणाल्या, "बरणी लोणच्याची आहे. धुऊन, वाळवून दिलीय. वास येतोय म्हणायचा."

"तिला सांगा," दत्ताजीराव म्हणाले, "मला वास येत नाही. चार वर्षं झाली."

"हौदा?" तुळसाबाई मला म्हणाल्या. म्हणजे, खरंच का? "मला कुणी सांगितलं नाही."

"तिनं विचारलं नाही म्हणावं."

बरण्या भिंतीवरून गेल्या. मातीचा थर किती, तो ओला किती, कापड कसे बांधायचे, हे मी दोघांना एकदाच, एकत्र सांगितले. दत्ताजीरावांनी कापडाला रबर लावून बोटाने ताण तपासला. मग शर्टाच्या खिशातून भिंग काढले. कारखान्यात असतानाचे, इथल्याच शिवाजीनगरमधल्या दुकानातून घेतलेले, घड्याळजी वापरतात तसले. फोनच्या कॅमेऱ्यासमोर ते धरून त्यांनी एका दोडक्यावरच्या छिद्राचा फोटो घेऊन दाखवला. फोटो उत्तम होता.

"तिला भिंग नाही," ते म्हणाले. "मग तिचे फोटो कसे येणार? मग म्हणेल, दत्तूचे चांगले आले म्हणून दत्तू जिंकला."

"फोटो मोठा करून बघता येतो," मी म्हटले.

"रिडिंग दोघांचं सारखं पाहिजे, मॅडम. एकाकडं मायक्रोमीटर आणि एकाकडं पट्टी, तसं चालत नाही." त्यांनी आत जाऊन दुसरे भिंग आणले, भिंतीवर ठेवले आणि हात मागे घेतला. तुळसाबाईंनी ते पदराला पुसून घेतले.

निघताना मी दत्ताजीरावांना विचारले, महापालिकेचा माणूस आधी आला तर?

"इन्स्पेक्शन पुरं झाल्याशिवाय रिजेक्ट मारत नाही मी," ते म्हणाले.

अळ्या दोन्ही बरण्यांत निघाल्या. कोष झाले. तुळसाबाई रोज फोन करून सांगत, "आज काही नाही." दत्ताजीराव फोन करत नसत, मातीचा फोटो पाठवत. मग एका सकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तिसरीच निघाली. पांढरट आहे. पट्टा नाही, ठिपका नाही, पंख चुरगळलेले. अक्कानं बरणीत आधीच काहीतरी घातलंय."

"कोषातून आत्ताच निघाली असेल. रंग भरलेला नसतो. एक-दोन दिवस थांबा आणि खायला द्या."

"काय द्या?"

"साखरेचं पाणी. कापसाचा बोळा भिजवून कापडावर ठेवा."

"आरोपीला खायला घालायचं?"

"रंग भरेपर्यंत."

"साखर किती?"

तुळसाबाईंनाही हेच सांगितले. त्यांच्याकडे साखर नव्हती, गूळ होता. त्यांनी बरणी पाण्याच्या परातीत ठेवली, गुळाला मुंग्या येतात म्हणून. हे मला त्यांनीच सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन केला. आवाजात घाई होती.

"बाई, त्याची बरणी भिंतीजवळ स्टुलावर आहे. मुंग्यांची रांग लागलीय. मी हितनं बघतेय. आत गेल्या तर माश्या खातील. सांगा की त्याला."

"तुम्हीच सांगा."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. फोन बंद करायचे राहिले असावे, कारण पुढचे मला ऐकू आले.

"दत्तू! ए दत्तू! मुंग्या लागल्यात!"

लांबून, "कुठं?"

"डोळं कुठं गेलं तुझं? स्टुलाच्या मागल्या पायावर! परात घे, पाणी घाल."

"परात कुठंय मला काय माहीत? ती सगळं कुठं ठेवायची ते..."

"थांब. स्वल्प थांब. माझी देते."

भांड्याचा आवाज झाला. मग फोन बंद झाला. त्यानंतर निरोप सांगण्यासाठी दोघांपैकी कोणाचाही फोन आला नाही.

रंग भरल्यावर दोन्ही बाजूंचे फोटो आले. वरून, बाजूने, समोरून. दोन्हीकडचे सारखेच स्पष्ट होते. पेरूच्या, म्हणजे दत्ताजीरावांकडच्या, बरणीतल्या सगळ्या माश्यांच्या पाठीवर मधला पट्टा नव्हता. समोरून पाहिल्यावर तोंडावरचे दोन काळे ठिपके एकमेकांना जुळून आडवी रेघ झालेली होती. त्यामुळे बहिणींचाही प्रश्न मिटला, ती पेरूवरची फळमाशीच. दोडक्याच्या, म्हणजे तुळसाबाईंकडच्या, बरणीतल्या सगळ्या माश्यांना तीन पट्टे होते. खात्री म्हणून मी फोटो वसुधाताईंना पाठवले. त्यांचे उत्तर नेहमीप्रमाणे एका ओळीत आले. दोन्ही बरोबर, आणि फोटो काढणाऱ्यांना संस्थेत घ्यायला हवे होते, असे.

लेखी उत्तर मी दोघांना एकच पाठवले. दोन बरण्यांतून दोन वेगळ्या माश्या निघाल्या. पेरूवरची माशी दोडक्यात आणि दोडक्यावरची पेरूत सहसा अंडी घालत नाही. पेरूचे झाड तोडल्याने दोडके वाचतील, असे म्हणायला आधार नाही. वेल काढल्याने पेरू वाचतील, असे म्हणायलाही नाही. मात्र पश्चिमेला पडलेले पेरू आणि पूर्वेला पडलेले दोडके उचलले जात नाहीत आणि त्यांतल्या अळ्या तिथल्याच मातीत कोष करतात. ही फळे रोज उचलून पाण्याच्या झाकलेल्या पिंपात टाकावीत. झाडावरच्या फळांना लहान असतानाच पिशव्या बांधाव्यात.

दत्ताजीरावांचा फोन संध्याकाळी आला.

"सहसा राहिलंच?"

"राहिलंच."

"म्हणजे तिची माशी माझ्या हद्दीत वाढतेय आणि माझी तिच्या?"

"पडलेल्या फळांपुरतं, होय."

"मग रिजेक्ट कोण?"

"माश्या."

ते हसले की खोकले, हे फोनवर कळले नाही. म्हणाले, "सरी," आणि ठेवला.

महापालिकेचा माणूस महिनाअखेरीला आला नाही, पुढच्या महिन्यात आला. ही माहिती तुळसाबाईंनी दिली आणि दत्ताजीरावांकडून ती मी ताडून घेतली. दत्ताजीरावांनी त्याला सांगितले की झाड तोडायचे नाही. मांडवावर सावली पाडणारी एक फांदी तेवढी छाटायची आहे. कोणती, असे त्याने विचारले. तेव्हा त्यांनी भिंतीपलीकडे बोट दाखवले, "ते तिला विचारा." तुळसाबाईंनी फांदी दाखवली. ती छाटली गेली. दत्ताजीरावांच्या मते ती चुकीची फांदी होती, शेजारची हवी होती. यावर दोघे बराच वेळ बोलले, असे तुळसाबाई म्हणाल्या.

त्या वर्षीचे पेरू बहुतेक गेलेच होते. पिशव्या उशिरा बांधल्या गेल्या. दोडक्याचे शेवटचे काही तोडे बरे निघाले. पडलेली फळे उचलण्याबद्दल तक्रारी आल्या, दोन्हीकडून, पण त्या एकमेकांबद्दल नव्हत्या, कमरेबद्दल होत्या. पिंप एकच आहे. ते भिंतीच्या कोणत्या बाजूला ठेवले आहे, हे मी विचारलेले नाही.

यंदा मे महिन्यात दत्ताजीरावांनी कापडाचा फोटो पाठवून विचारले होते, याची वीण पुरेशी बारीक आहे का. जुने धोतर होते. माशीचे टोक आत शिरणार नाही एवढी बारीक होती. पिशव्या त्यांनी मशीनवर स्वतः शिवल्या. बांधल्या तुळसाबाईंनी, कारण फांदी वाकवून धरण्याची त्यांची पद्धत दत्ताजीरावांना पसंत नव्हती, पण त्यांना स्वतःला ती जमतही नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी दत्ताजीरावांच्या नंबरावरून एक फोटो आला. स्टीलच्या ताटलीत पेरूच्या फोडी, कडेला तिखटमीठ. खाली प्रश्न नव्हता. फोटो मोठा करून पाहिला. गर पांढरा होता, अळीचा माग नव्हता, ताटलीवर माशी नव्हती. पेरू कोणी चिरला, असे विचारले.

उत्तर आले : "अक्कानं. बिया काढून."